एकशे सदुसष्ट उंबरे

माणसं मोजायची सवय हेतलला नोकरीनं लागली, की त्या सवयीमुळंच नोकरी मिळाली, याचा निकाल तिच्या नवऱ्याला, धीरजला, बारा वर्षांत लावता आला नव्हता. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती टाइम ऑफिसला होती. साडेतीनशे माणसांची हजेरी रोज तिच्या नजरेखालून जायची. मशीनवर माणसं अंगठा लावत. हेतल अंगठ्यामागचा माणूस वाचायची. एका फिटरची आजी तीन वर्षांत चार वेळा वारली होती, चारही वेळा शनिवारी. चौथ्या अर्जावर सही घेताना हेतलनं त्याला एवढंच विचारलं, "आजींना शनिवारच मानवतो वाटतं?" त्यानंतर आजी गेल्या नाहीत.

संध्याकाळी ही नजर स्कूटीवर बसून तिच्याबरोबर घिवलीला यायची. धीरज फोनवर 'निघालोच' म्हणाला म्हणजे अजून अंघोळ व्हायची आहे. चुलतसासू कमळीकाकी 'मी कुनाचं वाईट बोलत नाय' म्हणाली म्हणजे खुर्ची ओढून घ्यावी, कार्यक्रम मोठा आहे. अख्ख्या गावाची अशी एकेक नोंद तिच्या डोक्यात पक्की होती आणि ती क्वचितच खोटी ठरायची.

एका माणसापुढं मात्र तिनं हात टेकले होते. ते माणूस तिच्याच घरात राहायचं. तिची सासू, दमयंती.

साठी गाठलेली, काटक अंगाची, केसांचा घट्ट अंबाडा घालणारी ही बाई बोलायला लागली की ऐकणाऱ्याला वाटावं, ही आपल्यासाठीच आज घराबाहेर पडली. कोळीवाड्यात ती कोळणींच्या ठसक्यात बोलायची, वाण्याच्या घरी गुजरातीत, कॉलनीतल्या साहेबांच्या बायकांशी छापील मराठीत. कोणाच्या गुडघ्याची चौकशी करायची, कोणाच्या मुलाचं नावही काढायचं नाही, मयताच्या घरी किती वेळ गप्प राहून मग काय म्हणायचं, यात तिची चूक झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. म्हणून गावातल्या कुठल्याही लग्नाचं बोलावणं तिच्याकडं असायचं. पत्रिका हल्ली मोबाइलवर येतात. पण घिवलीत मोबाइलवर येतं ते कळवणं. बोलावणं म्हणजे ताटलीत अक्षता घेऊन कोणीतरी उंबऱ्याशी यायला हवं, चार शब्द बोलायला हवेत. दमयंतीच्या वाटेवर असे उंबरे होते एकशे सदुसष्ट.

हेतलच्या डोक्यातल्या नोंदीत सासूच्या नावापुढं तीनच खुणा होत्या, आणि तिन्हींचा अर्थ तिला लागलेला नव्हता. पहिली, सासू हसायची ती इतरांनंतर अर्धा श्वास उशिरा. दुसरी, दर गुरुवारी दुपारी ती दत्ताच्या देवळात जायची आणि दोन तासांनी यायची. देऊळ दहा पावलांचं, दत्तही काही बोलका नव्हे. तिसरी खूण पित्ताची. प्रत्येक लग्नानंतर, प्रत्येक बारशानंतर दमयंती माजघराची खिडकी लावून दोन-तीन दिवस भिंतीकडं तोंड करून पडायची. घरचे म्हणायचे, आईचं पित्त. आधी श्रीखंडावर खापर फुटलं, मग वालाच्या बिरड्यावर, आणि गेल्या तीन वर्षांपासून या घरात कंदभाज्यांची उकडहंडी शिजलेली नव्हती. हेतलनं स्वतः जेवणाची आणि पित्ताची सांगड घालून ती बंद करवली होती. पित्त तसंच राहिलं. उकडहंडी बिचारी उगाच निलंबित झाली.

गोष्टीला तोंड फुटलं ते किंजलमुळं. किंजल हेतलची नऊ वर्षांची मुलगी. ती पेन्सिली लांबीप्रमाणं लावायची, पाहुणे आले की वाडीत जायची आणि विचारलं तर खरं सांगायची. धीरजच्या आत्यानं जवळ ओढून पापा घेतला तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या तोंडाला सुक्या मासळीचा वास येतो," आणि ते खरं असल्यामुळं कोणालाच सावरता आलं नाही. बोईसरच्या शाळेतनं वहीत शेरा आला: मुलगी मिसळत नाही.

त्या संध्याकाळी हेतल सासूजवळ बसली. "आई, हिला जरा हाताखाली घ्या. मला नाय जमत. तुमच्यासारखी करा हिला."

दमयंती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. हेतलनं सवयीनं मोजलं. बारा वर्षांत एवढा वेळ हा हात मध्येच थांबलेला नव्हता.

"माझ्यासारखी?"

"तुमच्यासारखी म्हणजे... चार मानसांत वावरनारी."

"करते," दमयंती म्हणाली, आणि निवडलेले तांदूळ तिनं न निवडलेल्यांत ओतले.

पुढच्या महिन्यात पित्त कार्याशिवायच यायला लागलं. सासू दारात येऊन उभी राहायची आणि कशाला आलो ते विसरायची. कढीत दोनदा मीठ पडलं. रात्रीची झोप गेली असावी, कारण सकाळी डोळ्यांखाली काळं दिसायचं. धीरजनं डॉक्टरकडं नेलं. रक्त, साखर, सगळं जागच्या जागी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मनाला काही लागलंय का?" दमयंती अशी काही प्रसन्न हसली की डॉक्टरीणबाईच तिला स्वतःच्या सासूबद्दल सांगत बसल्या.

अशात विपुलचं लग्न ठरलं. विपुल कमळीकाकीचा मुलगा, म्हणजे दमयंतीचा पुतण्या. बोलावणं अर्थात तिनंच करायचं. पहिल्या दिवशी अठ्ठावन्न घरं झाली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, हेतल रजा टाकून ताटली धरायला बरोबर गेली. टाइम ऑफिसच्या बाईनं शनिवारी रजा घेतली, तेव्हा कारखान्यात कोणीतरी तिच्या आजीची चौकशी केलीच.

सकाळी दहाच्या सुमारास एका दारातून बाहेर पडून त्या पुढच्या गल्लीत वळल्या. तिथं जुन्या विहिरीपाशी दमयंती थांबली.

"हेतल, पुढचं येत नाय."

"काय येत नाय, आई? चक्कर येते काय?"

"बोलनं. बोलनं येत नाय." ती विहिरीच्या कठड्यावर बसली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रागावलेला, दमलेला, दुःखी, यांतला कुठलाच चेहरा नव्हे; दुकानाचं शटर पडावं तसा. हेतलला पहिल्यांदा भीती वाटली. दमयंतीनं कापडी पिशवीच्या तळातून एक वही काढली, तिच्या हातात दिली. "उरलेली घरं तू कर. यात हाय सगळं." आणि उठून सरळ घराकडं चालू लागली. वाटेत रामूकाकांनी हाक मारली तरी तिनं मान वळवली नाही.

हेतल ताटली मांडीवर घेऊन कठड्यावर बसली आणि तिनं वही उघडली.

जाड पुठ्ठ्याची, दोऱ्यानं पुन्हा शिवलेली, कडा तेलकट झालेली वही. एकेका घराला एकेक पान. वर घराचं नाव, खाली बारीक अक्षरात मजकूर, चार रंगांच्या शाईत. माणूस मेला की त्याच्यावर रेघ; सून आली की तिची भर.

'रामूकाका. यंदा माडांना फळ कसं, असं विचारायचं. मग चार मिनिटं मान हलवायची. मध्ये एकदा अरे देवा म्हणायचं. केव्हा? तो बोट वर करतो तेव्हा.'

'मास्तरांची स्वाती. हिच्या डोळ्यांकडे बघवत नाही. कुंकवाकडे बघायचं. तिला फरक कळत नाही.'

'वाण्याची वैष्णवी. गळ्यात पडते. तीन मोजायचे, मग सोडायचं. दोनला सोडलं तर तिला राग येतो. चारला मला घाम येतो.'

हेतलला हसू आलं. मग ते तोंडातच राहिलं. पुढं काही पानांवर घरं नव्हती, नियम होते.

'दोन जण हसले की हसायचं. आधी नाही.'

'कशी आहेस असं विचारतात तेव्हा त्यांना ते जाणून घ्यायचं नसतं.'

'ढोल वाजत असताना अंगठ्यानं बोटांची पेरं दाबायची. चेहरा तसाच ठेवायचा.'

'घरी शिरण्याआधी विहिरीशी थांबायचं. शंभर आकडे म्हणायचे. चेहरा काढायचा नाही, घरातही माणसं आहेत.'

अर्धा श्वास. हेतलनं बारा वर्षं जो मोजला होता तो अर्धा श्वास इथं निळ्या शाईत लिहिलेला होता. तिनं वही मिटली. पुन्हा उघडली. कारखान्यात दोन पाळ्या सलग केलेला माणूस गेटबाहेर पडताना कसा चालतो ते तिनं पाहिलं होतं. ही बाई लग्न होऊन आल्यापासून पाळीवर होती. सुट्टी नाही, जागेवर दुसरं माणूस येणार नाही, आणि अख्ख्या गावाला, टाइम ऑफिसच्या सुनेलासुद्धा, ही कामावर आहे याचा पत्ता नाही. हेतलनं पाहिलेल्या माणसांत एवढं मोठं काम कोणी केलेलं नव्हतं. साडेतीनशे जण मिळूनही केलेलं नव्हतं.

ताटली तर हातात होती. ती उठली.

रामूकाकांना तिनं विचारलं, "काका, यंदा माडांना फळ कसं?" काका सुरू झाले. सोंड्या भुंगा, खारा वारा, खालच्या वाडीचं पाणी. तिसऱ्या मिनिटाला त्यांचं बोट वर गेलं.

"अरे देवा," हेतल म्हणाली.

"तर काय!" काका खूश झाले. "दमूची सून शोभतेस हां."

दार उघडत गेली. वहीतलं वाक्य टाकलं की माणूस त्याच्या जागी बरोबर बोलायचा, कुलपात किल्ली फिरावी तसा. स्वाती कुंकवाकडं बघितलेलं ओळखू शकली नाही. वैष्णवीला तिनं तीनला सोडलं आणि वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी आलं. हेतल स्वतःला गावातली सगळ्यांत चलाख बाई समजायची. आणि तिच्या सगळ्या नोंदी एकत्र केल्या तरी या एका वहीच्या चार पानांएवढ्या झाल्या नसत्या. शिवाय तिच्या नोंदी माणसांना चिमटे काढण्यासाठी होत्या. या वहीत चिमटा एकही नव्हता. कोणाला काय ऐकलं की बरं वाटतं, एवढंच होतं.

दुपारपर्यंत मात्र तिचा जबडा दुखायला लागला. तिसाव्या दारानंतर आपण खरंच हसतोय की नुसते दात दाखवतोय ते तिला कळेना. पन्नासाव्या दाराबाहेर ती भिंतीला टेकली. एक दिवस, तोही आयत्या वहीवर.

वहीच्या शेवटी एक पान होतं. वर लिहिलेलं: 'आपल्याच घरी कोणी गेलं तर.' खाली ओळीनं सगळं. कोण आलं की उठायचं, कोणाच्या खांद्यावर डोकं टेकायचं, कोणत्या वेळी मोठ्यानं रडायचं म्हणजे बायकांना सोपं जातं. हेतलला सासऱ्यांचा, दिनानाथांचा दिवस आठवला. चार वर्षं झाली. दमयंती रडली होती, अगदी जिथं रडायला हवं तिथं. त्या ओळींच्या खाली वेगळ्या पेनानं, वेड्यावाकड्या अक्षरात एकच ओळ होती.

'हे काही उपयोगाला आलं नाही.'

हेतल किती वेळ तिथं उभी होती ते तिनं मोजलं नाही.

शेवटचं घर समुद्राकडचं, सुरूच्या झाडांच्या अलीकडं. विजयाचं. पान उघडलं तर वर नाव होतं आणि खाली काहीच नव्हतं. कोरं. कागद मात्र पुढच्या-मागच्या पानांइतकाच जुना. हेतलला वाटलं, म्हातारी लिहायची विसरली. मग तिला हसू आलं. ही वही लिहिणारी बाई विसरेल?

विजया मागच्या अंगणात बसली होती. माडाच्या झावळीची पाती सोलून हीर काढत होती, झाडूसाठी. एकटी बाई, दमयंतीच्याच वयाची. तिनं मान वर करून ताटलीकडं पाहिलं, मग हेतलच्या मागं पाहिलं.

"ती?"

"घरी हाय. बरं नाय." हेतलनं वाक्य शोधलं. वहीत नव्हतं, म्हणून तोंडातही नव्हतं. "मावशी, विपुलचं लगीन हाय, तर तुमी..."

"ठेव अक्षता तिथं. बस."

हेतल बसली. विजयानं एक झावळी तिच्यापुढं सरकवली आणि आपलं काम चालू ठेवलं. पातं चिरत जायचा बारीक आवाज, मागं भरतीचा आवाज. कोणी काही बोलेना. हेतलला पहिली दोन मिनिटं सुईवर बसल्यासारखं झालं. तिनं विचारून पाहिलं, "तब्येत काय म्हणते?" विजयानं उत्तर दिलं नाही, रागानं नव्हे; प्रश्न तिच्यापर्यंत गेलाच नाही जणू. मग हेतलही हीर काढू लागली. हळूहळू दुखरा जबडा सुटला.

समोर दुसरा पाट होता. बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेला.

"मावशी, गुरुवारी..." हेतल म्हणाली आणि थांबली.

"येते. बसते. जाते."

"काय बोलता तुमी दोघी?"

"कशाला बोलायचं?"

इतक्या वर्षांचे गुरुवार. हेतलच्या डोक्यातल्या नोंदीतनं दत्ताचं देऊळ उठून या पाटावर येऊन बसलं.

विजया बऱ्याच वेळानं बोलली, तीही हाताकडं बघत. "आमी दोघी एकाच साली आलो या गावात. ती नवी नवरी. तिच्या सासूची बहीन वारली. घर भरलेलं. ही आत आली नि मोठ्यानं म्हनाली, अठ्ठेचाळीस मानसं हायत, नि रडतात ती फक्त नऊ."

हेतलनं तोंडावर हात ठेवला.

"बरोबर होतं. मी पन मोजलेली," विजया म्हणाली. "पन सासूनं येडी ठरवली. पामला माहेरी पाठवून दिली. आठ महिने. दिनानाथ दर आठवड्याला सायकलवर जायचा, तर त्याला दारातनं परत पाठवायची. म्हनायची, मी तयार नाय अजून. ती काय करायची, ठाऊक हाय? पामच्या विहिरीवर जाऊन उभी राहायची. बायका बोलतात ते ऐकायची नि घरी येऊन लिहायची. आठ महिन्यांनी आली ती ही वही घेऊन. पहिल्याच हळदीकुंकवाला अशी बोलली की सासूच्या हातातलं तबक हललं."

"आनि तुमाला कसं कळलं?"

"ती माझ्याकडं आली. ठरलेलं बोलली. मी म्हटलं, हे माझ्याकडं नको. तर खाली बसली नि गप झाली. दोन तास. मग म्हनाली, पुढच्या गुरुवारी येऊ?"

विजयानं हिरांची जुडी बांधली. उठताना ती म्हणाली, "या महिन्यात चार गुरुवार आली नाय. काय काम काढलंय तिनं?"

हेतलला ते माहीत होतं. ते काम तिनंच दिलं होतं.

घरी आली तर माजघर रिकामं. खिडकीच्या कट्ट्यावर एक नवी वही होती, वर छान अक्षरात किंजलचं नाव. हेतलनं उघडली. पहिल्या पानावर: 'कोणी जवळ घेतलं तर तीन मोजायचे.' दुसऱ्यावर: 'खरं सांगण्याआधी आईकडे बघायचं.' अक्षर तिसऱ्या पानापासून वाकडं होत गेलं होतं. सातव्या पानावर एकच शब्द चार वेळा लिहून खोडलेला होता: 'हसणं'.

दोघी मागं वाडीत सापडल्या. बेडणीनं, म्हणजे बांबूला जाळी लावलेल्या त्या आकड्यानं, उतरवलेले चिकू गोणपाटावर ओतलेले. आणि आजी-नात त्यांच्या रांगा लावत होत्या. लहानापासून मोठ्यापर्यंत. एकमेकींकडं न बघता. दमयंती किंचित मागंपुढं डुलत होती आणि तिच्या ओठांतनं बारीक हुंकार चालू होता. हेतलनं हे कधीच पाहिलेलं नव्हतं. बारा वर्षं ज्या घरात ती राहिली, त्या घरात ही बाई पहिल्यांदा दिसत होती. हेतल पावलांचा आवाज न करता उभी राहिली, गाभाऱ्याबाहेर राहतात तशी.

तेवढ्यात पुढच्या दारातनं हाक आली. "वैनी! ओ दमूवैनी! झाली काय घरं?"

कमळीकाकी मागच्या अंगणात येईपर्यंत चार श्वासांचा वेळ होता, आणि त्या चार श्वासांत हेतलनं ते बघितलं. दमयंतीचं डुलणं थांबलं. अंगठा बोटांच्या पेरांवरनं फिरला. खांदे वर आले, मान कलली, ओठांची कडा उचलली गेली आणि डोळ्यांत, कुठनं कोण जाणे, माया आली. जड गोणी पाठीवर घेताना हमालाच्या मानेची शीर तटतटते, तशी एक शीर सासूच्या मानेवर उभी राहिली. किंजल ते टक लावून बघत होती. शिकत होती.

"ये गं कमळे," दमयंती म्हणाली. गोड, नेमकी.

"आता हळदीला सकाळपासनंच या हां वैनी. डीजे सांगितलाय विपुलनं, मोठा. तुमी पुढं नाय उभ्या राहिल्या तर मांडव सुना दिसंल."

"येते ना. मी नाय येनार तर..."

"आई नाय येनार," हेतल म्हणाली.

कमळीकाकीनं तिच्याकडं पाहिलं. "का? पित्त? मग उकडहंडी नाय करत आमी, जा."

"पित्त नाय, काकी. बारा वर्षांत एकदा पन पित्त नव्हतं. मी चुकीचं मोजलं."

"मग काय हाय?"

हेतलनं तोंड उघडलं आणि तिला कळलं की हे सांगायचा हक्क आपला नाही. तिनं सासूकडं पाहिलं. जुनी वही अजून हेतलच्याच काखेत होती. ती तिनं सासूच्या पुढ्यात, चिकूंच्या रांगेशेजारी ठेवली. उघडून. विजयाचं पान वर.

दमयंती त्या कोऱ्या पानाकडं बघत राहिली. ओठांची कडा हळूहळू खाली आली. शीर बसली. बोलली तेव्हा आवाज सपाट होता, चढउताराशिवायचा, आणि तो कमळीकाकीनं कधी ऐकलेला नव्हता.

"मला ढोल सोसत नाय, कमळे. डोक्यात खिळे मारल्यागत होतं. हळदीचा वास नाय सोसत. गळ्यात पडलेलं नाय सोसत. विपुल आवडतो मला. लगीन नाय आवडत. कुनाचंच."

कमळीकाकीचं तोंड उघडं राहिलं. हेतलच्या माहितीत ते असं रिकामं पहिल्यांदाच राहिलं होतं.

"मग माझ्या लग्नात नाचलात ती?"

"शिकले होते. पावलं चौदा होती."

"माझ्या हातावर हात ठेवून रडलात, भाऊ गेला तेव्हा?"

"तुला बरं वाटलं काय तेव्हा?"

 कमळीकाकीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "वाटलं," ती म्हणाली. मग पुन्हा, लहान आवाजात, "लई वाटलं."

"ते खरं होतं," दमयंती म्हणाली. "रडनं शिकलेलं होतं. तुला बरं वाटावं, ते खरं होतं." तिनं रांगेतला एक चिकू सरळ केला. "आता पामला पाठवनार काय मला?"

साठ वर्षांची बाई हे विचारत होती.  कमळीकाकीला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण तिनं डोळे पुसले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात शिरली. "पामला कोन बसलंय आता तुमचं? भलतंच काय तरी. पन मग विडे कोन लावनार? चारशे लागतात."

"मी लावते. हितं बसून. एकटी. चारशे नाय तर हजार."

"सगळे एकसारखे?"

"एकसारखेच."

"आनि लोक विचारतील त्यांना काय सांगू मी?"

"ढोल सोसत नाय, असं सांग."

"एवढंच?" कमळीकाकीला एवढ्या मोठ्या बातमीला एवढं छोटं वाक्य अजिबात पसंत पडलं नाही. पण ती गेली. जाताना तिनं सवयीनं दमयंतीच्या खांद्याकडं हात नेला, मध्येच थांबवला आणि त्याच हातानं एक चिकू उचलून नेला.

रांगेत भोक पडलं. किंजलनं न बोलता पुढचे सगळे चिकू एकेक घर मागं सरकवले.

हेतल खाली बसली. "आई, माझी चूक झाली. हिला शिकवू नका. ती नवी वही मी फाडून टाकते."

"फाडू नको," दमयंती म्हणाली. "लागंल तिला. दुनियेत जायचंच हाय. पन मी उलटं केलं. आधी घरं लिहिली, कोरं पान नंतर सापडलं. तेपन नशिबानं." तिनं नवी वही मागवली, उघडली आणि पहिल्या पानाच्याही आधीची, पुठ्ठ्याची मोकळी आतली बाजू किंजलपुढं धरली. "यावर एक नाव लिही. जिथं काय बोलावं लागत नाय, कसला चेहरा लागत नाय, असं मानूस."

किंजलनं पेन्सिल घेतली. विचार करायला तिला नेहमीच वेळ लागायचा. हेतल मान पुढं करून बघत होती. पोरीनं एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं: आजी.

हेतलनं नाव वाचलं. मग राहवेना. "आनि माझं?"

किंजलनं तिच्या कपाळाच्या टिकलीकडं बघून खरं तेच सांगितलं. "तू खूप विचारतेस."

आणि दमयंती हसली. कोणी हसायच्या आधी. उचकी लागल्यासारखं, तुटक, नाकातनं येणारं हसू, कुठल्याही पानावर न लिहिलेलं. चिकूंच्या रांगा हलल्या तरी ते थांबेना. हेतल नुसती बघत राहिली. तिला हसू आलं ते उशिरा, चांगलं अर्धा श्वास उशिरा.

मग तिनं वाडीत पडलेली एक झावळी ओढून घेतली आणि तोंड मिटून हीर काढायला बसली.